होगहिल्लाची सातवी कडी

१

टोरालवच्या होडीचा भोंगा सकाळी साडेदहाला वाजायचा. जितक्यांदा वाजेल तितकी माणसं डोंगर चढून वर येणार, असा त्याचा अर्थ. अडीचशे मीटर उंचावर ओडनी हातातलं काम थांबवून भोंगे मोजायची आणि त्या अंदाजाने वाफलचं पीठ भिजवायची. परतीच्या वेळीही तेच. माणसं खाली उतरून होडीत बसली की पुन्हा तितकेच भोंगे, म्हणजे वर तिला कळे की सगळे पोचले, वाटेत चढायला लावलेल्या साखळीला लोंबकळत कोणी राहिलं नाही. टोरालव स्वतःला मोजत नसे. "मी कुठला माणूस? मी होडीचाच एक भाग," असं म्हणे. तीस वर्षांत त्याची मोजणी एकदाही चुकलेली नव्हती, आणि ही गोष्ट धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला, विचारो न विचारो, ऐकावी लागे.

गर्वाच्या बाबतीत ग्रोफ्योर्डची माणसं हात आखडत नाहीत. आणि का आखडावा? आमच्या खाडीत मोठमोठी जहाजं शिरतात ती डोंगराच्या पायाशी खेळण्यातली वाटतात. धबधबे पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच वाऱ्यावर विरून जातात. डोंगर उभाच्या उभा खाडीत उतरतो, मध्ये शेळीलाही टेकायला जागा नाही. अपवाद एका होगहिल्लाचा. डोंगराच्या छातीवर गवताची एक अरुंद पट्टी, तिच्यावर लाकडी घर, गोठा आणि चेरीची दोन झाडं. या पट्टीवर ओडनीच्या घराण्याने दोनशे वर्षं गवत कापलं, गाई पाळल्या, पोरं वाढवली. शेवटची माणसं उतरून गेल्यावर छप्पर बसलं. ओडनी शाळेतून निवृत्त झाली, तिने गावाला कामाला जुंपलं आणि सहा उन्हाळ्यांच्या श्रमदानाने ते घर पुन्हा उभं केलं.

पाहुणे धापा टाकत वर आले की ती आधी पाणी देई, मग त्यांना दारापाशी नेई. दाराच्या उजव्या हाताला, भिंतीच्या ओंडक्यात, ओळीने लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. प्रत्येक कडीला एक दोर.

"आमच्याकडे चालायला लागलेलं पोर बांधून ठेवायचे," ती सांगे. "अंगण अकरा वाव, दोर नऊ वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव. म्हणजे पोराला चेरी मिळायची, दरी मिळायची नाही. आई आत भाकरी लाटायची आणि कान कडीवर ठेवायची. कडी वाजतेय तोवर पोर खेळतंय. वाजायची थांबली की हातातलं टाकून धावायचं. पोर सात वर्षांचं झालं की आई आपल्या हाताने गाठ सोडायची. दोनशे वर्षं, एकेचाळीस पोरं. एकही गेलं नाही."

हे शेवटचं वाक्य म्हणताना ओडनी एक इंच उंच होते, असं टोरालव म्हणे. तेच वाक्य धक्क्यावरच्या नव्या फळीवर लिहायचं ठरलं होतं आणि फळी टोरालव रंगवणार होता.

बहुतेक पाहुणे ऐकून कड्यांचे फोटो काढत. क्वचित एखादा चौकस माणूस मोजून विचारी, "कड्या सात दिसतात. ही सातवी एवढी खाली का?"

"ती वासरासाठी," ओडनी सांगे, आणि वाफल करपतील म्हणून आत जाई.

२

सकाळी सहाला उठायचं, चूल पेटवायची, कॉफी ठेवायची आणि ती उकळेपर्यंत बाहेर जाऊन सातही दोरांची वेटोळी नीट करून कड्यांवर अडकवायची, हा तिचा क्रम. रात्री वारा दोर इकडेतिकडे करतो, त्यात काही विशेष नाही. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सातव्या कडीचा दोर तिला वेगळा दिसला. तो पसरलेला नव्हता. गवतावरून सरळ रेषेत, चेरीच्या झाडांना बगल देऊन, तो काठापर्यंत गेला होता आणि काठावरून खाली उतरला होता.

ओडनीने तो ओढून घेतला. हलका आला. टोक दवाने भिजलेलं होतं. तिने हात पसरून मोजला तर नऊ वाव. मग अंगण मोजलं, अकरा वाव. दोन्ही मापं तिला पाठ होती, तरी पुन्हा मोजली. नऊ वाव दोर अकरा वाव अंगण ओलांडून खाली लोंबत नाही, हे सांगायला शाळेत भूगोल शिकवलेला असायची गरज नव्हती.

मेंढीने ओढला असेल, असं तिने ठरवलं. पण मेंढीने ओढला तरी त्याचं एक टोक कडीतच होतं. गाठ तिची स्वतःचीच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी टोरालव फळीचं माप घ्यायला वर आला, तेव्हा तिने कॉफी ओतता ओतता सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दोर ओला झाला की वाढतो का रे?"

"ओला दोर आखडतो. खाडीकाठी जन्म गेला तुझा आणि हे मला विचारतेस? शाळेत पोरांना काय शिकवत होतीस?"

"भूगोल."

"मग बरोबर आहे." तो स्वतःच्या विनोदावर पोटभर हसला. मग त्याने कप खाली ठेवला. "कुठला दोर?"

"खालच्या कडीचा."

टोरालव ओंडक्यावरच्या त्या कडीकडे बघत राहिला. श्रमदानाच्या चौथ्या वर्षी लाकडाच्या ढिगामागे ती सापडली, तेव्हा तो तिथेच होता. "कापून टाक ती," तो म्हणाला. "करवत घेऊन येतो उद्या. वासराचीच आहे ना? तुझ्याकडे वासरू कुठाय आता?"

"घराचं काहीही मी कापणार नाही. सहा वर्षं कशासाठी खपलो आपण? आहे तसं उभं करायला."

"तुझा ताठा तुला लखलाभ."

तो गेल्यावर ओडनीने कपाटातली डबी उघडली. सातवी कडी सापडली तेव्हा तिच्यात जुन्या दोराचा तुकडा अडकलेला होता, चार बोटं लांब. तो तिने कोणाला न दाखवता एप्रनच्या खिशात घातला होता. कुजलेल्या दोराचं टोक पिंजतं, झिपऱ्या होतात. या तुकड्याचं टोक सपाट होतं. ते सुरीने कापलेलं होतं, एका फटक्यात.

डबी तिने बंद केली. वासरं विकताना दोर कापतातच, असं तिने स्वतःला सांगितलं. गेली दोन वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली होती.

३

त्या शुक्रवारी भोंगा दोनदा वाजला आणि तासाभराने ओडनीची मुलगी इंगविल वर आली, पाठीवरच्या झोळीत चार वर्षांची तुवा. ऑस्लोहून इथवर यायला त्यांना दीड दिवस लागला होता आणि इंगविलच्या चेहऱ्यावर तो अख्खा दीड दिवस दिसत होता.

"बेस्ता!" तुवा झोळीतूनच ओरडली. आजीला आमच्याकडे बेस्ताच म्हणतात. "मला दोर कुठला?"

"सहावा. माझाच," ओडनी म्हणाली. "तुझ्या आईलाही तोच होता."

"आई, तू खरंच बांधणार तिला?" इंगविलने झोळी उतरवली. "कुत्र्यासारखं?"

"तुझी आजी इथे होती तोवर तुलाही दर उन्हाळ्यात बांधलं होतं. म्हणून आज माझ्याशी भांडायला शिल्लक आहेस."

इंगविलला हसू आलं, पण ते तिने आवरलं. "ऐक. मी तुला एकदाच सांगते. पोरीला ओरखडा जरी आला ना, तर ती पुन्हा इथे येणार नाही. आणि ती फळीही लावू नकोस मग. माझ्या पोरीपेक्षा तुझं ते वाक्य मोठं नाही."

"दोन्ही सांभाळीन," ओडनी म्हणाली. तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली खरी भीतीही होती. नातीला होगहिल्ला आवडावं, तिने दर वर्षी यावं, एक दिवस हे घर तिने सांभाळावं, यासाठीच तर सहा वर्षं खपणं झालं होतं. तुवा आली नाही तर हे सगळं पाहुण्यांना दाखवायची वस्तू होऊन राहणार होतं.

तुवा तोवर भिंतीपाशी जाऊन बसली होती. "ही माझ्या उंचीची आहे," ती सातव्या कडीवर हात ठेवून म्हणाली.

"ती वासराची आहे, राणी."

"वासराला बोटं असतात?"

"का गं?"

"इथे बोटं ठेवायला जागा आहे म्हणून."

ओडनी वाकली. प्रत्येक कडीच्या बाजूला लाकूड गुळगुळीत झालेलं होतं, पिढ्यान् पिढ्या पोरांनी उभं राहायला तिथेच हात टेकले होते. हे ती पाहुण्यांना नेहमी दाखवायची. सातव्या कडीच्या बाजूला तिने कधी पाहिलं नव्हतं. तिथेही तसाच खळगा होता, लहानसा. तुवाची चार बोटं त्यात बरोबर बसली.

रात्रीच्या जेवणात इंगविलने भाकरीचा तुकडा तोडला आणि गालाला हात लावून ओरडली. दात तुटला होता.

"दोनशे वर्षांत या भाकरीने कोणाचा दात गेला नाही," ओडनी म्हणाली.

"हेही लिही फळीवर," इंगविल तोंड धरून म्हणाली.

४

सकाळी टोरालव इंगविलला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत ती परत येणार होती. भोंगा एकदा वाजला आणि होडी खाडीच्या वळणाआड गेली. दहाच्या सुमाराला पाण्यावरून धुकं उठलं. आमच्याकडे ते खालून वर येतं, दूध उतू येतं तसं. अर्ध्या तासात खाडी नाहीशी झाली, मग समोरचा डोंगर, मग काठ. आज पाहुणे येणार नाहीत हे ओडनीने ओळखलं.

तिने तुवाच्या कमरेला सहावा दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि आत येऊन आंबट सायीची खीर ढवळायला घेतली. ती सोडून जाता येत नाही, लगेच खाली लागते. दार उघडं होतं. बाहेर कडी वाजत होती, खण, खण, थोडं थांबून पुन्हा खण. तुवा स्वतःशी गाणं म्हणत होती. ओडनीला फार बरं वाटलं. याच चुलीपाशी तिची आई उभी राहायची, आईची सासू उभी राहायची, सगळ्यांनी हाच आवाज ऐकला होता. ऑस्लोतल्या कुठल्या बाईला आपलं पोर नुसत्या कानांनी सांभाळता येतं, दाखवा म्हणावं.

मग तिच्या लक्षात आलं की आवाज दोन आहेत.

एक वरचा, नेहमीचा. दुसरा जरा जाड, गंजलेल्या लोखंडाचा, आणि खालून येणारा. पहिला वाजला की दुसरा वाजायचा. पहिला थांबला की दुसरा थांबायचा. पोरं पाठशिवणी खेळताना असाच आवाज येतो, हे तिला माहीत होतं. ती आणि तिचा भाऊ बांधलेले असताना असाच यायचा.

वारा असेल, ओडनीला वाटलं. पण धुकं असतं तेव्हा वारा नसतो. तुवा दुसरा दोर हलवत असेल. चमचा तिने तसाच धरला आणि मोठ्याने विचारलं, "तुवा, खालचा दोर हातात घेतलास का?"

"नाही!" तुवा बरीच लांबून म्हणाली.

"मग कोण वाजवतंय?"

दोन्ही कड्या एकदमच वाजायच्या थांबल्या.

५

खीर तशीच टाकून ओडनी धावली. बाहेर पांढरं होतं, दुसरं काही नव्हतं. तिने सहावा दोर पकडला आणि ओढला. तो सैल होता. दोन हात ओढल्यावर वजन लागलं, आणखी चार हातांवर धुक्यातून तुवा आली, बसल्या बसल्या घसरत, तोंड फुगवून.

"ओढू नकोस ना! आम्ही खेळत होतो."

ओडनीने तिला उचललं, चाचपलं, डोकं, हात, पाय. ओरखडा नव्हता. "आम्ही म्हणजे कोण?"

"तो. पण तो वर येत नाही. त्याचे हात दुखतात." तुवाने काठाच्या दिशेने बोट दाखवलं. "सगळ्यांचे दोर त्यांच्या आयांनी सोडले, त्याचा कोणी सोडलाच नाही."

सातवा दोर ताणलेला होता. कडीपासून निघून, जमिनीपासून वीतभर वर, तो तारेसारखा धुक्यात गेला होता. त्याच्यावरून पाण्याचे थेंब घरंगळत येत होते, काठाकडून घराकडे, उताराच्या उलट. कडी ओंडक्यातून उपटून निघेल इतकी आडवी झाली होती.

ओडनीने तुवाला उंबरठ्याच्या आत उभं केलं, तिच्या दोरावर डावा पाय ठेवला आणि एप्रनमधून सुरी काढली. डोकं थंडपणे काम करत होतं. मेंढरू पडलं असेल. मेंढरं पडतात, दोरात पाय अडकतो. दोर कापला की झालं. पोर आत आहे, पोर सुखरूप आहे, फळीवरचं वाक्य खरं आहे. टोरालव म्हणाला होता तसं कापायचं आणि विसरायचं. सुरीचं पातं तिने दोरावर टेकवलं आणि तिथेच तिचा हात थांबला.

पातं कडीपासून चार बोटांवर होतं.

ठरवून ठेवलेलं नव्हतं. उंबरठ्यावर एक पाय रोवून, भिंतीला खांदा टेकवून उभं राहिलं की हात तिथेच पोचतो. म्हणजे कोणीतरी बाई, तिच्याच घराण्यातली, याच उंबरठ्यावर, याच भिंतीला खांदा लावून उभी राहिली होती. तिच्याही पायाखाली कदाचित दुसऱ्या पोराचा दोर असेल. आणि तिने कापला. मग कडीपुढे लाकडाचा ढीग रचला गेला आणि घराण्याने एकेचाळीस मोजले.

ओडनीला लाज वाटली. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. शंभर पाहुण्यांसमोर, हजार पाहुण्यांसमोर ती मान ताठ करून जे म्हणत आली, ते कोणाच्या तरी जिवावर म्हणत आली होती.

"आमच्याकडे दोर कापत नाहीत," ती मोठ्याने म्हणाली, कोणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. सुरी खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली.

दोर आला. तिसरा वाव, पाचवा, नववा. नवव्यानंतर संपायला हवा होता. चौदाव्यानंतर तिने मोजणं सोडलं. तळहात सोलवटले. वजन तिच्या ओळखीचं होतं; चार वर्षांच्या पोराचं वजन बाईमाणसाला सांगावं लागत नाही. ते कमी नव्हतं, जास्तही नव्हतं. मेंढरापेक्षा खूप कमी होतं.

मग धुकं क्षणभर पातळ झालं आणि तिला काठ दिसला. काठावर दोराला धरलेले दोन हात होते, एकावर एक, मुठी आवळलेल्या. राखाडी लोकरीच्या बाह्या. उजव्या बाहीचं बटण तुटलेलं, आणि ती जागा लाल धाग्याने शिवलेली, घाईघाईत, आई शिवते तशी.

ओडनीने डोळे मिटले. ओढणं थांबवलं नाही.

गवतावर काहीतरी घसरत आलं. गारवा आधी पोचला, तळघराचं दार उघडल्यासारखा. ती गुडघ्यांवर बसली, डोळे मिटूनच हात पुढे केले. ओली लोकर लागली. लोकरीच्या आत बरगड्या होत्या, अगदी लहान, आणि त्या हलत नव्हत्या. सातव्या दोराच्या मोकळ्या टोकाला तिने कधी गाठ मारली नव्हती. आता तिथे गाठ होती, तिच्या आजीने शिकवलेली, जुन्या पद्धतीची, पाण्याने गच्च झालेली. ती सोडवायला फार वेळ लागला. शेवटी दात लावावे लागले. तोंडात मिठाची चव आली.

पोराची गाठ सोडताना आई जे म्हणते ते म्हणायला हवं होतं. तिने ते पूर्ण म्हटलं. "आता पाय तुझे, वाट तुझी. जा."

काही क्षण काहीच झालं नाही. मग तिच्या बाजूने, गवत चुबुक चुबुक दाबत, लहान पावलं घराकडे गेली. उंबरठ्यात तुवा खुदकन हसली.

६

दुपारी इंगविलचा फोन आला. वर पट्टीवर फोन लागतो. खाली पाण्यावर लागत नाही. धुक्यामुळे टोरालव होडी सोडत नव्हता, ती उद्या सकाळी येणार होती.

"सगळं ठीक ना?"

"ओरखडाही नाही," ओडनी म्हणाली. हातांना तिने फडकी गुंडाळली होती.

दिवसभर ती स्वतःशी वाद घालत होती. मेंढरूच होतं. ओली लोकर मेंढराचीच. धुक्यात माणसाला काय वाटेल ते दिसतं. वाद चांगला चालला होता, फक्त लाल धाग्यापाशी येऊन अडकत होता. सातवा दोर तिने मोजला. नऊ वाव. त्याचं कडीतलं टोकही तिने सोडलं, तो उचलून आत आणला आणि खुंटीला टांगला. कडी रिकामी झाली, आणि रिकामी छान दिसली. काम संपलेल्या कडीसारखी.

तुवाने नव्याने केलेल्या खिरीचा वाडगा अर्धा खाल्ला आणि अर्धा बाकावर आपल्या शेजारी सरकवून ठेवला. थोड्या वेळाने ओडनी वाडगे धुवायला गेली तेव्हा बाकावर ओलं होतं, वाटीएवढं. झोपताना तुवा भिंतीकडे सरकली आणि तिने गोधडीची कड उचलून धरली, कोणी आत शिरेपर्यंत थांबावं तेवढा वेळ.

"बेस्ता, तो आता कुठेही जाऊ शकतो ना?"

खिडकीबाहेर धुकं फाटत होतं. उन्हाळ्यातला तो न मावळणारा उजेड समोरच्या डोंगराच्या माथ्यावर होता आणि सगळे धबधबे पुन्हा जागेवर आले होते. ओडनीला रडू आलं. रडता रडता छाती भरून आली. जे तिच्या आधीच्या कोणत्याही बाईला जमलं नाही ते तिने केलं होतं. ते काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची तिची तयारी नव्हती. पण दोर तिने कापला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "कुठेही."

७

सकाळ लख्ख उजाडली. भोंगा एकदा वाजला, आणि इंगविलच्या मागोमाग टोरालवही वर आला, काखोटीला फळी, हातात रंगाचा डबा. शब्द रंगवून झाले होते; आकड्याची जागा तेवढी कोरी होती.

इंगविलने तुवाला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. मग ती आईच्या गळ्यात पडली, दीड दिवसाचा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. "पुढच्या उन्हाळ्यात दोन आठवडे ठेवते तिला," ती म्हणाली. "मी घाबरट आहे, आई. तू नाहीस."

"एकेचाळीस लिहू ना?" टोरालवने कुंचला बुडवला.

"बेचाळीस लिही."

तो थांबला. त्याने भिंतीकडे पाहिलं. "दोर कुठाय खालचा? कापलास?"

"सोडला."

टोरालवने तिच्या फडक्यांतल्या हातांकडे पाहिलं. त्याने बेचाळीस लिहिलं, चांगल्या ठसठशीत अक्षरात, आणि फळी पुन्हा काखोटीला मारली. ऑस्लोची गाडी दुपारी होती, निघायला हवं होतं. तुवाने आजीची पापी घेतली, मग झोळीत न बसता चालतच निघाली. उतरणीच्या वाटेवर ती एका कडेने चालत होती आणि बाहेरच्या बाजूचा हात तिने जरा लांब धरला होता. चार वर्षांची पोरं असं काहीबाही करतात.

ओडनी काठावर उभी राहिली. साडेअकराला खाली होडी दिसली, काडेपेटीएवढी. पाणी हिरवं होतं, आरशासारखं. एवढी सुंदर खाडी जगात दुसरी नाही, असं तिला वाटलं आणि ती हे कोणाच्याही तोंडावर म्हणायला तयार होती. आज दुपारी येणाऱ्या पाहुण्यांना ती बेचाळीस सांगणार होती, आणि या खेपेला ते खरं असणार होतं.

भोंगा वाजला. एक, इंगविल. पुन्हा वाजला. दोन, तुवा.

ती वळली. पीठ भिजवायचं होतं.

तिसरा भोंगा डोंगरावर आपटून दोन्ही बाजूंनी परत आला.

ओडनी काठाशी धावली. होडी सुटली होती, मागे पाण्याची रेघ उमटत होती, आणि होडीत रंगांचे ठिपके होते, किती ते इथून मोजता येत नव्हतं. ती ओरडली. इथून हाक खाली पोचत नाही, हे तिच्या घराण्याइतकं कोणाला माहीत असणार? फोन खिशात होता, पाण्यावर तो लागत नव्हता. ती घरात गेली आणि खुंटीवरचा दोर घेऊन बाहेर आली, आणि काठावर उभी राहून हातातल्या नऊ वावांकडे बघत राहिली.

टोरालवने आज स्वतःलाही मोजलं असेल, ती मनाशी म्हणाली. म्हातारा झालाय, चुकला असेल. देवा, तो चुकलेला असू दे.

होडी वळणाआड गेली. तीस वर्षांत टोरालवची मोजणी एकदाही चुकलेली नव्हती.